वालचंदांची मोटार

आगाशीला आमच्या घराच्या अंगणात, रामफळाच्या झाडाखाली, एक पांढरी पद्मिनी उभी असते. शेजारच्या नव्या इमारतीतील मुले तिच्याजवळ उभी राहून मोबाइलवर फोटो काढून घेतात. माझ्या वडिलांना ती अडगळ वाटते. आईला तिच्या टपावर पापड वाळवता येतात, म्हणून तिची तक्रार नाही. आजोबांना ती काय वाटते हे त्यांनी कधी कोणाला सांगितलेले नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ फिटरचे काम केले. पहाटेची विरार लोकल, दादरला उतरून पूल ओलांडायचा, पुन्हा मध्य रेल्वेची गाडी, मग कुर्ला. इतकी वर्षे दुसऱ्यांसाठी मोटारी जोडल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक घेतली, तीही जुनी.

महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी एखाद्या मोठ्या माणसाचे चरित्र लिहून आणा, असे सरांनी सांगितले तेव्हा आमच्या वर्गातील निम्म्या मुलांनी चिमाजी अप्पांचे नाव दिले. वसईत राहून दुसरे कोणाचे नाव देणार? किल्ला सर्वांनी पाहिलेला, १७३९ हे साल सर्वांना पाठ. मी वालचंद हिराचंद यांचे नाव दिले. सरांनी भुवया उंचावल्या. साखर कारखानदाराचे चरित्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने का लिहावे, असा त्यांच्या मनात प्रश्न असावा. माझे कारण सांगण्यासारखे नव्हते. गेल्या पावसाळ्यात आमच्या मोटारीने दम सोडला, आणि त्या आजारपणात मला वालचंद भेटले.

आजाराचे लक्षण असे. घरून निघताना मोटार झकास चाले. विरार ओलांडून, फाट्यावरून महामार्गाला लागेपर्यंत कसलीही कुरकुर नसे. मग अर्ध्या तासाने तिचा पिकअप जाई. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी वेग वाढण्याऐवजी उतरू लागे. पन्नासवरून चाळीस, चाळीसवरून तीस. सपाट रस्त्यावर ती धक्के खात कशीबशी पुढे सरके, आणि चढावर तर मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून हैराण करीत. बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटे उभी केली की पुन्हा काही झालेच नाही अशी चाले. आजी म्हणे, बाईमाणसासारखी दमते बिचारी, बसू द्या तिला जरा.

नालासोपाऱ्याच्या एका गॅरेजात ती तीनदा नेली. पहिल्या खेपेला प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. दुसऱ्या खेपेला एअर फिल्टर नवा घातला, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकून साफ केले, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. तिसऱ्या खेपेला मिस्त्रीने दोष पेट्रोलवर ढकलला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यामुळे पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडते आणि जुने रबर फुगते, हे खरेच आहे. पण मग घरून निघताना गाडी चांगली का चालते, ह्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. शेवटी त्याने रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल, असा निकाल दिला आणि खर्चाचा आकडा सांगितला. तो आकडा ऐकून वडिलांनी भंगारवाल्याला फोन केला. गणपतीपूर्वी अंगण मोकळे करायचे ठरले.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत संध्याकाळी बॅटरी धरून उभे राहण्याचे काम माझ्याकडे होते. आजोबांची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट पाहायची, आणि जी पाहिली ती संशयाबाहेर ठेवून पुढे जायचे. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि न कळलेला आजार परत येतो. प्रथम त्यांनी चारही चाके एकेक करून जॅकवर उचलली आणि हाताने फिरवून पाहिली. ब्रेक धरून राहिले असतील तर इंजिन बिचारे काय करील? चाके मोकळी फिरत होती. मग हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. क्लच प्लेट घासली असती तर इंजिन फिरत राहिले असते. ते गचकन बंद पडले, म्हणजे क्लच धड होता. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून धूर मोकळा बाहेर पडतो का ते पाहिले. मी ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि कार्ब्युरेटरमधली झडप पुरती उघडते का ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले, कारण पुष्कळदा पाय तळाला टेकतो आणि झडप अर्धीच उघडते. शेवटी जुन्या पेटीतून त्यांनी कॉम्प्रेशन मोजायचे घड्याळ काढले. चारही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा आला. रिंगा गेल्या नव्हत्या. गॅरेजचा निकाल खोटा ठरला, पण खरा निकाल अजून हाती नव्हता.

हे सारे करता करता ते शेठविषयी बोलत. आजोबा १९६४ साली कारखान्यात लागले. त्याच्या अकरा वर्षे आधीच वालचंद वारले होते. त्यांनी शेठना पाहिले नव्हते. जुन्या कामगारांकडून ऐकलेले आणि मनात मुरलेले तेवढे ते सांगत, आणि त्यात ऐकीव किती व खरे किती हे मला कळेना. म्हणून ग्रंथालयातून गं. दे. खानोलकरांनी लिहिलेले वालचंदांचे चरित्र आणले आणि वाचू लागलो.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे गुजरातेतून आलेले दिगंबर जैन, व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षण सोलापुरात, मग मुंबईत आणि पुण्यात महाविद्यालयात. पण पदवी न घेताच ते पेढीवर येऊन बसले. पेढीवरचा हा तरुण फार काळ रमला नाही. गादीवर बसून व्याज मोजण्यात त्याला रस नव्हता, आणि व्यापारात त्याने सुरुवातीला मोठीशी चमकही दाखविली नाही. त्याचे भाग्य उघडले ते लक्ष्मणराव फाटक ह्या माणसामुळे. फाटक रेल्वेतले एक साधे कारकून. त्यांना रेल्वेच्या कामातले खाचखळगे माहीत होते, पण भांडवल नव्हते. वालचंदांच्या घरी पैसा होता, पण ह्या कामाची माहिती नव्हती. दोघे भागीदार झाले, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे ह्या तुकड्याचे कंत्राट त्यांनी घेतले. मातीचे भराव घालणे, मोऱ्या बांधणे, मजूर सांभाळणे. सावकाराचा मुलगा उन्हात उभा राहिला तो येथे. पेढीची अब्रू मातीत घालतो आहे, असे घरच्या वडीलधाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही. एका कारकुनाशी बरोबरीने भागी करणे, हेच त्या काळच्या मानाने मला विशेष वाटते.

कंत्राटांतून कंत्राटे वाढत गेली. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांनी त्यांना श्रीमंत केले. ही गोष्ट चरित्रकार हळूच सांगतात, पण ती सांगायलाच हवी. युद्धाने वालचंदांना दोनदा हात दिला, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो घट्ट पकडला.

१९१९ साली रेल्वेच्या एका प्रवासात त्यांच्या कानावर आले की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी नावाची बोट विकाऊ आहे. महायुद्धात ती इस्पितळाची बोट म्हणून वापरली गेली होती. ह्या माणसाने तोवर नाव चालवणे सोडाच, बोटीच्या धंद्याची वहीसुद्धा उघडून पाहिली नव्हती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास ह्यांना बरोबर घेऊन त्यांनी ती विकत घेतली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. ह्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोट म्हणून लॉयल्टी काही फार गुणाची निघाली नाही. ती तोट्यातच चालली आणि चार-पाच वर्षांत मोडीत गेली. पण कंपनी टिकली.

टिकली म्हणजे कशी, ते पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती, आणि त्यांचा म्होरक्या लॉर्ड इंचकेप हा साधा असामी नव्हता. सिंदियाच्या बोटी ज्या मार्गावर येत त्या मार्गावरची भाडी एवढी पाडली जात की नव्या कंपनीने बुडावेच. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा तह झाला. सिंदियाने किनाऱ्यापलीकडे जायचे नाही, उतारू न्यायचे नाहीत, आणि ७५,००० टनांपेक्षा जास्त क्षमतेच्या बोटी ठेवायच्या नाहीत. बोटी होत्या, माल होता, खलाशी होते. पण किती धावायचे ते दुसऱ्याने ठरवायचे. वालचंदांना हा तह मनापासून पसंत नव्हता. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेल्यावर ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढे वीस वर्षे ह्या बेड्या सैल करण्यासाठी भांडत राहिले.

हा भाग मी आगाशीत बसून वाचत होतो, म्हणून एक आठवण होते. सोळाव्या शतकात आमचे आगाशी जहाजे बांधण्यासाठी नावाजलेले होते, आणि पोर्तुगीजांनी ते १५३० च्या सुमारास लागोपाठ दोनदा लुटून जाळले. आज अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या तेवढ्या दिसतात. एखाद्या गावाची विद्या कशी जाते, हे सिंदियाच्या तहात मला पुन्हा दिसले.

बांधकामांची हकीकत मी थोडक्यात आटपतो. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणारी नळवाहिनी ही दोन नावे पुरेत. पुण्याला जाताना अंधारात खिडकीबाहेर हात काढू नये म्हणून आई दटावते, ते बोगदे खणण्यात वालचंदांच्या माणसांचा हात होता. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली, तीही त्यांचीच. शेतीचे म्हणाल तर मालेगावजवळ रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात कळंब येथे त्यांनी माळरान घेऊन ऊस लावला व साखर कारखाने काढले. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले. रावळगावच्या गोळ्या माझ्या पिढीनेही चघळल्या आहेत. उसापासून साखर होते, तसे इथेनॉलही होते, आणि आज ते इथेनॉल वालचंदांच्याच मोटारीच्या टाकीत जाऊन तिला छळते, असे मी आजोबांना म्हटले. ते हसले नाहीत; त्यांचे लक्ष प्लगच्या टोकाकडे होते. प्लगचे टोक पांढरट झाले होते. पेट्रोल कमी पोचत असले की ते तसे होते.

म्हणजे ठिणगी पडत होती, दाब होता, हवा होती, पण पेट्रोल कुठेतरी अडत होते. पंपाची नळी सोडून बाटलीत धरली आणि इंजिन फिरविले, तर पेट्रोल भरभरून येत होते. आजोबा पायरीवर बसून राहिले. घरी उभी असताना सगळे ठीक, आणि रस्त्यावर अर्ध्या तासाने नाही. मग त्यांनी आईला विचारले की मागच्या महिन्यात गाडी कुठे कुठे नेली आणि कुठे बिघडली. आईला हिशेब ठेवायची सवय आहे. तिच्या वहीत पेट्रोल भरल्याच्या नोंदी होत्या. वसई फाट्यावर पेट्रोल भरले त्या दिवशी मोटार घोडबंदरपर्यंत नीट गेली होती. दुसऱ्या दिवशी वेगळ्या पंपावर भरले, त्याही दिवशी तसेच. वडील म्हणाले, म्हणजे त्या दोन्ही पंपांचे पेट्रोल चांगले आहे. आजोबांनी मान हलविली, पण ती होकाराची नव्हती. त्यांना काहीतरी सुचले होते आणि रस्त्यावर गेल्याशिवाय ते बोलणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ठाण्याला आत्याकडे जायचे निमित्त काढून आम्ही तिघे निघालो. मी, आजोबा आणि, भरवसा नको म्हणून, वडील. रस्ताभर मी मोटार कारखान्याची हकीकत मनात घोळवीत होतो, कारण आदल्या रात्री तेच प्रकरण वाचून झाले होते.

हिंदुस्थानात मोटारी बनवाव्यात ही कल्पना वालचंदांची एकट्याची नव्हती. म्हैसूरचे नामवंत अभियंता विश्वेश्वरय्या ह्यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून तशी योजना आखली, आणि वालचंद तिच्यामागे उभे राहिले. त्या वेळी मुंबईत मोटारी जोडल्या जात नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ पासून कारखाना होता. पण तेथे पेट्यांतून आलेले भाग एकमेकांना जोडायचे, एवढेच काम. एक गिअरसुद्धा येथे कापला जात नसे. वालचंदांना मोटार येथे घडवायची होती. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर कंपनीशी १९४० मध्ये करार झाला. परवाना, नकाशे, तंत्रज्ञ ह्यांची सोय झाली. भांडवल द्यायला माणसे तयार होती. म्हैसूर संस्थानही सहभागी व्हायला राजी होते. अडले एका ठिकाणी. हिंदुस्थान सरकारची संमती नव्हती. अमेरिकेतून यंत्रे आणायला डॉलर हवे होते आणि बोटीत जागा हवी होती, आणि मोटारीचा कारखाना हा युद्धोपयोगी धंदा नव्हे, असे दिल्लीने ठरविले. म्हैसूरलाही मोकळीक मिळाली नाही. युद्धात हजारो लष्करी मोटारी लागत असताना हे ठरले, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या निकालाची चव कळते.

ह्याच दौऱ्यातून परतताना पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली ह्या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवीत होता. मोटारीचे अडले तर अडले, ह्या माणसाने विमानांचे बोलणे सुरू केले! डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. विमाने लढाईला हवी होती, म्हणून येथे संमती झटपट मिळाली. पण १९४२ मध्ये जपान दाराशी आल्यावर सरकारने वालचंदांचा भाग विकत घेऊन त्यांना बाहेर काढले. दरम्यान २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली होती. पुढल्या एप्रिलात त्या गावावर जपानी बॉम्ब पडले आणि काम रखडले. तेथले पहिले मोठे जहाज, जलउषा, पाण्यात उतरले ते १४ मार्च १९४८ रोजी, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत.

वर्सोव्याचा पूल ओलांडेपर्यंत मी येथवर आलो होतो. खाली वसईची खाडी भरतीने तट्ट फुगलेली. मोटारीने वसई फाट्यानंतरच एक-दोन आचके दिले होते. घोडबंदर रस्त्याला लागलो आणि गायमुखचा चढ सुरू झाला तशी तिने हाय खाल्ली. आजोबांनी दुसरा गिअर टाकला, मग पहिला. मागे ट्रकांची रांग. वडिलांचा चेहरा असा झाला होता की भंगारवाला मागच्या सीटवर बसला असता तर त्यांनी तेथेच व्यवहार पुरा केला असता. इंजिन बंद पडायच्या आत आजोबांनी गाडी कडेला घेतली आणि मला टाकीचे झाकण उघडायला पाठविले.

झाकण सहज निघेना. जोर लावून पिळले तेव्हा, तान्ह्या मुलाने दचकून श्वास घ्यावा तसा, सूंऽ असा आवाज झाला. हवा आत गेली. झाकणाच्या आतल्या बाजूला, रबरबँडने घट्ट बांधलेला, दुधाच्या पिशवीचा एक तुकडा होता आणि तो खळगा पडून आत ओढला गेला होता.

जुन्या मोटारींच्या टाकीला श्वास घ्यायची वाट ठेवलेली असते. आमच्या ह्या झाकणाला तसे एक बारीक भोक आहे. पंप जेवढे पेट्रोल ओढतो तेवढी हवा त्या वाटेने आत येते. वाट बुजली की टाकीत निर्वात होऊ लागतो, पंप ओढतो पण पेट्रोल येत नाही, आणि धावत्या मोटारीचा पिकअप जातो. उभी राहिली की फटीतून हळूहळू हवा शिरते आणि ती पुन्हा बरी होते. पेट्रोल भरताना झाकण उघडले जाते, म्हणून त्या दिवशी ती लांबवर चालते. पंप कोणाचा ह्याच्याशी संबंध नाही. आईच्या वहीतून आजोबांनी नेमके हेच ताडले होते.

प्लास्टिक कोणी बांधले हे विचारायची गरज पडली नाही. आषाढात टाकीत पावसाचे पाणी गेले, तेव्हा काळजीने आजोबांनीच ते बांधले होते आणि विसरले होते. त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. तीस वर्षे मोटारी जोडणाऱ्या माणसाच्या मानेवर त्या क्षणी काय होते ते मला मागच्या सीटवरून दिसत होते. वडीलही पाहत होते. मी मनात म्हटले, आता बाबा बोलणार. ते काही बोलले नाहीत. इंजिन सुरू झाले आणि गायमुखचा चढ मोटारीने तिसऱ्या गिअरमध्ये घेतला.

आत्याकडे चहा पिताना आजोबा एकदम मोकळे झाले. त्यांचे म्हणणे असे की शेठच्या सगळ्या आयुष्याचा रोग हाच. इंजिन उत्तम, टाकी भरलेली, फक्त दिल्लीने झाकणाचे भोक बुजवून ठेवलेले. उपमा चांगली होती आणि मी ती तेव्हा मान्यही केली. पण नंतर लिहायला बसलो तेव्हा ती पुरती पटेना.

एक तर वालचंद इतक्या कामांत एकदम हात घालीत की काहींचा दम त्यांच्यामुळेच तुटला. सिंदिया, गोदी, विमाने, मोटार, साखर, बांधकाम. एका माणसाचे लक्ष किती ठिकाणी पुरणार? भागीदारांशी त्यांचे खटके उडत, आणि कर्ज काढून पुढे जाण्याची त्यांना भीती वाटत नसे, ती जरा वाटायला हवी होती. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये नोंदली गेली. १९४७ मध्ये कुर्ल्याहून क्रायस्लरच्या धर्तीची वाहने बाहेर पडू लागली, आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन छोट्या मोटारी आल्या. १९५३ मध्ये सरकारने जकात आयोगाच्या अहवालावरून ठरविले की जे येथे मोटार घडवणार नाहीत, नुसती जोडणार, त्यांनी निघून जावे. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला. म्हणजे वालचंदांनी पंधरा वर्षांपूर्वी जे मागितले होते ते शेवटी सरकारी धोरण झाले. पण त्याबरोबर परवान्यांचे राज्यही आले. आता भोक दुसऱ्यांसाठी बुजले. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट हीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी झाली, आणि थोड्याफार फरकाने तीच मोटार शतक संपेपर्यंत विकली गेली. लोक नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबत. थांबणारे गिऱ्हाईक असताना सुधारणा कोण करतो? हे मी आजोबांना वाचून दाखविले. त्यांनी एवढेच सांगितले की मोटारीचा नमुना ठरविणे फिटरच्या हातात नसते, आणि ज्या मोटारी त्यांच्या हातून गेल्या त्या नीट जोडलेल्या होत्या. त्यावर मला बोलता आले नाही.

ह्यांतले पुष्कळसे पाहायला वालचंद राहिले नाहीत. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि १९५० मध्ये त्यांनी सगळ्या कामांतून अंग काढून घेतले. ज्या माणसाने विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाशी बोलता बोलता विमानांचा कारखाना काढला, त्याची वाचा आणि हालचाल ह्या दुखण्याने बांधली गेली. पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सेवेला होत्या. गुजरातमध्ये सिद्धपूर येथे ८ एप्रिल १९५३ रोजी ते वारले. वारस म्हणून मुलगा नव्हता. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव दिले गेले. त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले अभियंते आमच्या वसई-विरारच्या औद्योगिक वसाहतींतही सापडतात.

पद्मिनीची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेली. शेवटची नोंदली गेलेली टॅक्सी वीस वर्षांची झाली आणि मुदत संपली. ती बातमी आजोबांनी वर्तमानपत्रातून कापून मोटारीच्या कागदपत्रांत ठेवली आहे.

ठाण्याहून परतल्यावर त्यांनी आजीच्या अंबाड्यातली एक पिन मागून घेतली आणि झाकणाचे भोक साफ केले. मी त्यांना बेर्था बेंझची गोष्ट सांगितली. १८८८ मध्ये नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन ही बाई दोन मुलांसह माहेरी निघाली, वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीच्या टाचणीने ती मोकळी केली होती. चढावर मोटार ओढेना तेव्हा मुलांनी उतरून ढकलली, आणि परत आल्यावर तिने नवऱ्याला आणखी एक गिअर बसवायला लावले. आजोबांना ही गोष्ट फार आवडली. आजी म्हणाली की पिन परत हवी आहे.

भंगारवाला गणपतीच्या आदल्या दिवशी आला. वडिलांनी त्याला अंगणातूनच परत पाठविले, आणि जाता जाता मागे पडलेली जुनी सायकल तेवढी दिली.